बेचाळीसचं खापर

१९७१ साली भारतानं आधी वेस्ट इंडिजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकली. त्या आनंदात इंदूरकरांनी शहरात सिमेंटची एक भलीमोठी बॅट उभारली आणि तिच्यावर विजयी खेळाडूंची नावं मिरवली. तीन वर्षांनी, १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात भारत तिन्ही कसोट्या हरला, तेव्हा चिडलेल्या लोकांनी हीच बॅट विद्रूप केली. मुंबईत कर्णधार अजित वाडेकर यांच्या घरावर दगड पडले. पुढे पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळलं गेलं आणि वाडेकरांनी क्रिकेटलाच रामराम ठोकला. वयाची पस्तिशी अजून उलटायची होती.

हरल्यावर दोष कर्णधाराचा की खेळाडूंचा, हा वाद आपल्याकडे चहाच्या टपरीपासून वृत्तवाहिन्यांच्या स्टुडिओपर्यंत सारख्याच आवेशानं घातला जातो. बहुतेक वेळा तो तत्त्वाच्या पातळीवर चालतो, म्हणून कुठेच पोहोचत नाही. ‘संघ हरला म्हणजे सगळेच हरले’ हे एक गुळमुळीत उत्तर, आणि ‘नेतृत्व कमी पडलं’ हे दुसरं. त्यापेक्षा एखादा पराभव धावफलकासकट समोर घ्यावा आणि कुठल्या धावा कुणाच्या खात्यावर जातात ते पाहावं. त्यासाठी वाडेकरांचा १९७४ चा दौरा मला सगळ्यात सोयीचा वाटतो, कारण त्याच माणसाच्या वाट्याला तीन वर्षांच्या अंतरानं अख्खं श्रेय आणि अख्खा दोष आला.

आधी तो कुप्रसिद्ध डाव. २४ जून १९७४, सोमवार, लॉर्ड्स. इंग्लंडनं पहिल्या डावात ६२९ धावा केल्या होत्या, भारतानं ३०२. फॉलोऑन मिळाल्यावर सोमवारी सकाळी भारताचा दुसरा डाव अवघ्या १७ षटकांत ४२ धावांवर आटोपला. जेफ अरनॉल्डनं १९ धावांत ४ बळी घेतले, ख्रिस ओल्डनं २१ धावांत ५. चंद्रशेखर जखमी असल्यामुळे फलंदाजीला आलेच नाहीत. गावसकर ५, इंजिनियर ०, वाडेकर ३, विश्वनाथ ५, ब्रिजेश पटेल १, अबिद अली ३, मदनलाल २, प्रसन्न ५, बेदी ०. एकट्या एकनाथ सोलकरनं दोन आकडी धावा केल्या, नाबाद १८. अवांतर एकही नाही. म्हणजे इंग्लंडच्या गोलंदाजांनी फुकट काही दिलं नाही आणि आपल्यालाही काही कमावता आलं नाही. एक डाव आणि २८५ धावांनी पराभव.

आता या सव्वा तासात कर्णधार म्हणून वाडेकरांनी काय करायला हवं होतं? आकाश ढगाळलेलं होतं, चेंडू हवेत वळत होता आणि टप्पा पडल्यावरही हलत होता. याच फलंदाजांनी याच खेळपट्टीवर पहिल्या डावात ३०२ धावा केल्या होत्या. इंजिनियरनं ८६ काढल्या होत्या, विश्वनाथनं ५२. कर्णधार तोच होता, संघ तोच होता. बदललं होतं ते हवामान, आणि त्या हवामानात ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू सोडून देण्याचा संयम. फलंदाजीचा क्रम वरखाली करणं एवढंच काय ते कर्णधाराच्या हातात असतं. त्यानं ४२ चे ५२ झाले असते, फार तर ७२.

क्रिकेटमध्ये कर्णधार खऱ्या अर्थानं काम करतो ते त्याचा संघ क्षेत्ररक्षण करत असताना. कुणाला गोलंदाजी द्यायची, कुठल्या टोकाकडून द्यायची, कधी काढून घ्यायची, स्लिपमध्ये तीन ठेवायचे की दोन, धावा रोखायच्या की गडी शोधायचा, हे निर्णय दिवसातून शेकडो वेळा घ्यावे लागतात आणि ते त्याचेच असतात. आपल्या संघाची फलंदाजी सुरू झाली की कर्णधाराचं पद जवळपास निवृत्त होतं. पॅड बांधून पॅव्हेलियनमध्ये बसलेला तोही मग एक फलंदाज. म्हणून नेतृत्वाचा दोष शोधायचा असेल तर तो आपल्या कोसळलेल्या डावात शोधू नये, प्रतिस्पर्ध्याच्या उभ्या राहिलेल्या डावात शोधावा. आपण नेमकं उलट करतो. ४२ हा आकडा पन्नास वर्षं लोकांच्या तोंडी आहे, ६२९ कुणाला आठवत नाहीत.

तर मग त्या ६२९ कडे पाहू. डेनिस अ‍ॅमिस १८८, कर्णधार माइक डेनेस ११८, टोनी ग्रेग १०६. भारताकडे नव्या चेंडूसाठी होते अबिद अली, सोलकर आणि मदनलाल. तिघेही कष्टाळू, पण इंग्लंडच्या सलामीवीरांची झोप उडवेल असा वेग एकाकडेही नव्हता. नवा चेंडू लवकरात लवकर जुना करून तो फिरकी गोलंदाजांच्या हाती द्यायचा, ही तेव्हाची भारताची रीत होती. त्या फिरकीतला सगळ्यात घातक गोलंदाज म्हणजे चंद्रशेखर. त्याच्या अंगठ्याला दुखापत झाली आणि जेमतेम काही षटकं टाकून तो सामन्यातूनच बाहेर गेला. उरले बेदी आणि प्रसन्न. बेदींनी साठहून अधिक षटकं टाकून २२६ धावांत ६ बळी घेतले. प्रसन्नांची वळणं त्या खेळपट्टीवर बोथट ठरली.

इथे वाडेकरांना काही प्रश्न नक्की विचारता येतात. बेदींना टप्प्याटप्प्यानं विश्रांती देऊन वापरता आलं असतं का? अ‍ॅमिस जम बसवत असताना क्षेत्ररचना फार लवकर पांगली का? संघात, विशेषतः कर्णधार आणि बेदी यांच्यात, सूर जुळलेला नव्हता हे पुढे जगजाहीर झालं. तो जुळवून घेणं ही मोठ्या प्रमाणात कर्णधाराची जबाबदारी. मी वाडेकरांच्या खात्यावर एवढं लिहीन आणि त्यावर थांबेन. तीन फिरकी गोलंदाजांच्या बळावर उभा असलेला हल्ला, त्यातला एक जायबंदी, पहिल्याच दिवशी नाणेफेक हरलेली किंवा जिंकलेली असो, कुठलाही कर्णधार त्या दिवशी ६२९ चे चारशे करू शकला असता, पण दोनशे नाही.

पहिली कसोटी ओल्ड ट्रॅफर्डवर होती, थंडी आणि पावसात. गावसकरनं शतक काढलं, तरी ११३ धावांनी हार झाली. तिसऱ्या कसोटीत, एजबॅस्टनला, डेव्हिड लॉइडनं नाबाद २१४ केल्या आणि इंग्लंडला पूर्ण डावात दोनच गडी गमवावे लागले. पहिला आणि तिसरा पराभव यांच्यात निदान एक साम्य होतं. दोन्हीत आपल्या गोलंदाजांना वीस गडी बाद करता आले नाहीत, आणि हा आजार १९७४ चा नव्हता. भारतानं नव्या चेंडूचा खरा वेगवान गोलंदाज कित्येक वर्षं घडवलाच नव्हता. त्याचं खापर एका कर्णधारावर फोडायचं असेल तर त्याच्या आधीच्या सगळ्यांना रांगेत उभं करावं लागेल, आणि निवड समितीला सगळ्यांच्या पुढे.

आता १९७१ कडे वळू, कारण तिकडे न पाहता हा हिशेब एकांगी होईल.

जानेवारी १९७१ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपलं निर्णायक मत टाकून पतौडींऐवजी वाडेकरांना कर्णधार केलं. त्यावरून गदारोळ झाला. मग वेस्ट इंडिजमध्ये १-० आणि इंग्लंडमध्ये १-०. वाडेकर एका रात्रीत देशाचे लाडके झाले. ओव्हलवरच्या त्या विजयाचं वर्णन करताना अजूनही आवाज चढतात, आणि ते रास्तच आहे. पण त्या दोन मालिकांचा धावफलक शांतपणे वाचला तर दैवानं किती हातभार लावला ते दिसतं.

इंग्लंडमधली पहिली कसोटी, लॉर्ड्स. जिंकायला १८३ हवे असताना भारताची अवस्था ८ बाद १४५ आणि पाऊस आला. सामना अनिर्णित. विजय जसा हातचा गेला म्हणता येईल, तसाच पराभवही टळला म्हणता येईल. दुसरी कसोटी, ओल्ड ट्रॅफर्ड. भारतापुढे ४२० चं लक्ष्य, ३ बाद ६५, आणि शेवटचा पूर्ण दिवस पावसात गेला. इथे मात्र दुसरं काही म्हणायला जागा नाही. पाऊस नसता तर ओव्हलवर भारत ०-१ असा पिछाडीवर उतरला असता, आणि तिथे जिंकूनही मालिका फार तर बरोबरीत सुटली असती. इंदूरला मग बॅट उभी राहिली असती का, देव जाणे.

आणि ओव्हलचा तो चमत्कार? चौथ्या दिवशी चंद्रशेखरनं ३८ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडचा डाव १०१ वर आटोपला. त्या डावाची सुरुवात कशी झाली ते ऐकण्यासारखं आहे. ब्रायन लकहर्स्टनं समोर मारलेला फटका चंद्राच्या हाताला लागून थेट दुसऱ्या टोकाच्या यष्ट्यांवर गेला आणि क्रीजबाहेर निघालेला जॉन जेमसन धावचीत झाला. यात ना कर्णधाराची करामत, ना गोलंदाजाची. चेंडू हाताला लागला, एवढंच. मग जॉन एड्रिच आला. चंद्रा आपला गुगली टाकायच्या विचारात होता. तेवढ्यात दिलीप सरदेसाई यांनी ‘मिल रीफ’ टाक असं सुचवलं. मिल रीफ हा त्या वर्षीचा डर्बी जिंकलेला घोडा, आणि संघात चंद्राच्या वेगवान चेंडूला ते टोपणनाव पडलं होतं. चंद्रानं तो टाकला. एड्रिचची बॅट खाली येण्याआधी यष्टी उडाली. पुढे केन फ्लेचर शून्यावर सोलकरच्या हातात गेला. अ‍ॅलन नॉटचा सोलकरनं शॉर्ट लेगला आडवं पडून टिपलेला झेल तर छायाचित्रानं अमर केला.

म्हणजे युक्ती मडगावात जन्मलेल्या सरदेसाईंची, मनगट चंद्राचं, हात सोलकरचे. वाडेकरांचं काय? वाडेकरांनी चंद्राला गोलंदाजी दिली आणि तो चालत असताना काढून घेतली नाही. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं. पण चंद्रशेखर हा असा गोलंदाज होता की एका षटकात गडी काढील आणि पुढच्यात दोन चौकार देईल. त्याला संयमानं वापरणं हे कर्णधारपदाचं खरं मर्म. आणि ज्या ड्रेसिंग रूममध्ये ज्येष्ठ खेळाडू न विचारता गोलंदाजाला सल्ला देतो आणि कर्णधाराला त्याचा राग येत नाही, ते वातावरणही कुणीतरी ठेवलेलं असतं. भारतानं १७३ चं लक्ष्य गाठलं तेव्हा सकाळीच धावचीत होऊन परतलेले वाडेकर पॅव्हेलियनमध्ये झोपले होते, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. मला ती विनोद म्हणून आवडत नाही, प्रामाणिक म्हणून आवडते. फलंदाजी सुरू असताना कर्णधाराला करण्यासारखं खरोखरच काही नसतं.

वाडेकरांचं निर्विवाद श्रेय शोधायचं तर त्याच वर्षी फेब्रुवारीत किंग्स्टनला जायला हवं. पहिल्या कसोटीचा पहिला दिवस पावसात वाहून गेला. सरदेसाईंच्या द्विशतकाच्या बळावर भारतानं ३८७ केल्या आणि वेस्ट इंडिजचा डाव २१७ वर संपला. आघाडी १७०. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनसाठी २०० ची आघाडी लागते. पण पहिला दिवस पूर्ण वाया गेला की सामना चार दिवसांचा धरला जातो आणि ही मर्यादा १५० वर येते. गॅरी सोबर्सच्या हे ध्यानात नव्हतं. वाडेकरांच्या होतं. त्यांनी जाऊन सोबर्सला फॉलोऑन दिल्याचं सांगितलं. सामना अनिर्णितच राहिला, पण वेस्ट इंडिजवर पुन्हा फलंदाजीला उतरायची वेळ आणणं ही गोष्ट तोवर भारतीय संघानं कधी केली नव्हती. पुढच्याच कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, भारत सात गडी राखून जिंकला. नियमाचं एक कलम पाठ असणं, हे शंभर टक्के कर्णधाराचं काम.

असे निखळ कर्णधाराचे क्षण फार थोडे असतात. बाकी सगळं सरमिसळ असतं, आणि माझी तक्रार तिथेच आहे. १९७१ मध्ये आपण पाऊस, चंद्राचा हात आणि सरदेसाईंची युक्ती हे सगळं वाडेकरांच्या नावावर जमा केलं. एकदा जमेची बाजू अशी फुगवून लिहिली की नावेची बाजूही तशीच लिहावी लागते. १९७४ चे दगड हे १९७१ च्या हारांचं व्याज होतं.

आता नाणेफेक. इथे कर्णधार एकटा उभा असतो, म्हणून दोष देणं सगळ्यात सोपं. पण इथेही निर्णय आणि निकाल यांची गल्लत होते.

२००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, जोहान्सबर्गला, सौरव गांगुलीनं नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं. ऑस्ट्रेलियानं २ बाद ३५९ केल्या, पाँटिंग नाबाद १४०. भारत १२५ धावांनी हरला. तेव्हापासून त्या निर्णयाला शिव्या घातल्या जातात. पण याच स्पर्धेत याच ऑस्ट्रेलियाविरुद्ध सेंच्युरियनला आपण आधी फलंदाजी करून १२५ मध्ये गारद झालो होतो. सकाळची हवा गोलंदाजांच्या बाजूची होती आणि झहीर, श्रीनाथ, नेहरा हे त्रिकूट स्पर्धाभर गाजत होतं. निर्णयाला आधार होता. झहीरच्या पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या, त्याला आधार नव्हता. हा पराभव मी गोलंदाजांच्या खात्यावर टाकतो, आणि बराचसा पाँटिंगच्या बॅटच्या. समोरचा संघ चांगला खेळला, हे कारण आपल्या चर्चेत सहसा येतच नाही.

याच्या अगदी उलट, २००२ मध्ये ब्रिस्बेनला नासिर हुसेननं नाणेफेक जिंकून ऑस्ट्रेलियाला फलंदाजी दिली आणि पहिल्या दिवसअखेर धावफलक होता २ बाद ३६४. इंग्लंड ३८४ धावांनी हरलं. फलंदाजीला पोषक खेळपट्टी, समोर हेडन आणि पाँटिंग, आणि इंग्लंडकडे धार नसलेली गोलंदाजी. हा निर्णय निकालाआधीही चुकीचाच होता. कर्णधाराला दोषी धरायचं तर अशा वेळी धरावं.

ऑक्टोबर २०२४ मधली न्यूझीलंडविरुद्धची बंगळूरूची कसोटी या दोन्हींच्या मधली. पहिला दिवस पावसात गेलेला, खेळपट्टी दोन दिवस झाकलेली, आकाश ढगाळ. रोहित शर्मानं नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली आणि भारत ४६ वर आटोपला. पाच जण भोपळा न फोडता परतले. मॅट हेन्रीनं १५ धावांत ५ बळी घेतले. खेळपट्टी ओळखण्यात आपण चुकलो, हे रोहितनं स्वतः कबूल केलं. ठीक. पण चुकीच्या नाणेफेकीनं १८० होतात, ४६ होत नाहीत. १८० आणि ४६ यांच्यातलं अंतर फलंदाजांचं. आणि कर्णधाराचा आणखी एक दोष त्या सामन्यात होता, ज्याची चर्चा फारशी झाली नाही. न्यूझीलंडचे सात गडी गेले असताना रचिन रवींद्र आणि टिम साउदी यांनी आठव्या गड्यासाठी १३७ धावा जोडल्या. तळाच्या फलंदाजासमोर क्षेत्ररक्षक सीमेवर पसरवून ठेवले की काय होतं, त्याचा तो धडा होता. भारतानं दुसऱ्या डावात ४६२ केल्या, तरी लक्ष्य उरलं फक्त १०७ चं. त्या भागीदारीतल्या निम्म्या धावा वाचल्या असत्या तर शेवटचा दिवस वेगळा खेळला गेला असता.

पुढे पुण्यात गहुंज्याला मिचेल सँटनरनं एकट्यानं १३ बळी घेतले, आणि वानखेडेवर १४७ चा पाठलाग करताना भारत १२१ वर संपला. ३-०. मायदेशात तीन कसोट्यांच्या मालिकेत असा धुव्वा भारतानं पूर्वी कधी पाहिला नव्हता. रोहितच्या सहा डावांत मिळून ९१ धावा झाल्या. इथे आणखी एक गुंता येतो. कर्णधार हाही अकरातला एक खेळाडू असतो, आणि त्याच्या धावा होत नसतील तर त्याच्या डोक्यावर दोन गुन्हे एकदम नोंदवले जातात. फलंदाज म्हणून आणि कर्णधार म्हणून. ते वेगळे मोजायला हवेत. १९९७ मध्ये ब्रिजटाउनला १२० चा पाठलाग करताना भारत ८१ वर आटोपला, तेव्हा कर्णधार सचिन तेंडुलकर होता. पहिल्या डावात त्यानं ९२ केल्या होत्या. दुसऱ्या डावात दोन आकडी मजल मारणारा एकटा लक्ष्मण, १९ वर. त्या पराभवानंतर सचिननं स्वतःला दोन दिवस हॉटेलच्या खोलीत कोंडून घेतलं होतं. १२० धावांचा पाठलाग अकरा जण मिळून करतात. खोलीत कोंडून घेणारा एकटाच होता.

कर्णधार बदलला की संघ बदलतो, याचे दाखले देणारे दोन सामने हमखास पुढे करतात. एक, १९८१ चं हेडिंग्ले. बॉथम कर्णधार असताना इंग्लंडनं १२ कसोट्यांत एकही जिंकली नाही. त्याच्या जागी माइक ब्रिअर्ली आला, आणि त्याच बॉथमनं फॉलोऑननंतर नाबाद १४९ फटकावल्या. ऑस्ट्रेलियाला १३० हव्या असताना विलिसनं ४३ धावांत ८ बळी घेतले आणि इंग्लंड १८ धावांनी जिंकलं. ब्रिअर्लीची कसोटीतली सरासरी २२.८८, शतक एकही नाही. तरीही ३१ कसोट्यांत नेतृत्व करून १८ विजय. त्यानं बॉथमच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं आणि विलिसला टोक बदलून दिलं. एवढ्यानं सामना फिरला, हे मी मान्य करतो. असा माणूस लाखात एक असतो, हेही मान्य करावं लागेल.

दुसरा दाखला आपल्या घरचा. डिसेंबर २०२०, अ‍ॅडलेड. कोहलीच्या नेतृत्वाखाली भारत ३६ वर संपला, ४२ चा नीचांक मोडून. कोहली परतला, आणि संगमनेर तालुक्यातल्या अजिंक्य रहाणेनं मेलबर्नला सूत्रं घेतली. अश्विनला लवकर गोलंदाजी दिली, लेग गलीला पुजाराला उभं केलं आणि स्मिथ तिथेच झेल देऊन शून्यावर गेला. स्वतः ११२ धावा केल्या. आठ गडी राखून विजय, आणि पुढे मालिकाही. रहाणेच्या शांतपणावर तेव्हा पानंच्या पानं लिहिली गेली, आणि त्यातलं बरंचसं खरं आहे. फक्त त्याच वेळी संघात चार बदल झाले होते. शुभमन गिल, रवींद्र जडेजा, ऋषभ पंत आणि मोहम्मद सिराज आत आले होते. एका सामन्यात कर्णधार आणि चार खेळाडू बदलल्यावर गुण कुणाच्या हाताचा, हे छातीठोकपणे कोण सांगणार? आणि अ‍ॅडलेडच्या पहिल्या डावात ७४ वर खेळणाऱ्या कोहलीला धावचीत करणारी हाकही रहाणेचीच होती, हे कुणाच्या ध्यानात राहिलं?

हा वाद आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनं निदान एका बाबतीत मिटवला आहे. पूर्वी षटकं संथ टाकली तर कर्णधारावर बंदी यायची. २०१९ मध्ये नियम बदलला. आता दंड सगळ्या खेळाडूंना सारखा आणि जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेत संघाचे गुण कापले जातात. त्याच मेलबर्न कसोटीत ऑस्ट्रेलियाची दोन षटकं कमी पडली आणि चार गुण गेले. ते गुण असते तर २०२१ च्या अंतिम फेरीत भारतासमोर न्यूझीलंडऐवजी ऑस्ट्रेलिया असतं. गोलंदाज चेंडू पुसत रेंगाळतो, क्षेत्ररक्षक चालत जागेवर जातो, यष्टिरक्षक गप्पा मारतो. मिनिटं सगळे मिळून घालवतात, म्हणून दंडही सगळ्यांना. हा न्याय मला पटतो.

लोकांच्या रागाला मात्र एक चेहरा लागतो, आणि तो कर्णधाराचाच असतो असंही नाही. २००७ च्या विश्वचषकात भारत पहिल्याच फेरीत बाद झाला, तेव्हा कर्णधार राहुल द्रविड होता. जमाव गेला तो रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर. द्रविड पदावर राहिला आणि त्याच उन्हाळ्यात त्यानं इंग्लंडमध्ये मालिका जिंकली, १९८६ नंतर पहिल्यांदा. मार्चमध्ये त्याला हाकललं असतं तर?

वाडेकरांच्या बाबतीत तो संयम कुणी दाखवला नाही. त्यांना काढून काय मिळालं ते पाहा. १९७४-७५ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ आला. पतौडींना परत बोलावलं. ते जायबंदी झाल्यावर दिल्लीत व्यंकटराघवन कर्णधार झाले, आणि पुढच्याच कसोटीत, कोलकात्यात, ते बारावे खेळाडू होते. मालिका ३-२ नं गेली. पुढे १९७६ च्या सुरुवातीला ऑकलंडला गावसकर, मग बेदी. वाडेकर धरून दोन वर्षांच्या आत पाच कर्णधार. वाडेकर पुढे १९९० च्या दशकात संघाचे व्यवस्थापक म्हणून परतले आणि १९९३ मध्ये भारतानं इंग्लंडला मायदेशात ३-० असं धुतलं, तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये होते. ती जागा त्यांना मिळायला जवळपास दोन दशकं जावी लागली.

लॉर्ड्सवरच्या त्या संघातले अकरापैकी दहा जण पुढच्याच हिवाळ्यात वेस्ट इंडिजविरुद्ध भारतासाठी कसोटी खेळले. अकरावे वाडेकर होते.